एएनएम, जीएनएम आणि पहिली नोकरी: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कोणाची भाची, कोणाची सून, कोणी नुकतीच जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) झालेली आणि पहिल्या नाईटला घाबरलेली. मी स्वतः जीएनएम, वॉर्डात १४ वर्षं झाली, सध्या मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, उत्तरात "प्रश्न ४ बघा" असं दिसलं तर कृपा करून बघा, परत मेसेज करू नका.

१. ताई, एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग, यात फरक काय?

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) २ वर्षांचा, त्यात दीड वर्ष शिक्षण आणि ६ महिने इंटर्नशिप, आणि तो मुळात गावासाठी बनवलेला कोर्स आहे: गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, घरभेटी. जीएनएम ३ वर्षांचा डिप्लोमा, इंटर्नशिप धरून (आमच्या वेळी साडेतीन वर्षांचा होता, नंतर कमी केला), त्यात हॉस्पिटलचं सगळं येतं, मेडिकल, सर्जिकल, मुलांचं, मानसिक आजाराचं, बाळंतपणाचं आणि कम्युनिटीचंही. बीएस्सी ४ वर्षांची डिग्री, आपल्याकडे ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम-जीएनएमच्या परीक्षा मात्र राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

कोर्स संपल्यावर जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांची नोंद नर्सिंग कौन्सिलमध्ये आरएन-आरएम (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) म्हणून होते, एएनएमची नोंद वेगळी. म्हणजे एएनएम करून "मी स्टाफ नर्स" असं म्हणता येत नाही, कोणी तसं सांगून अॅडमिशन देत असेल तर सावध.

२. बारावी आर्ट्सला ५१ टक्के आहेत, चालेल का?

एएनएमला चालेल. जीएनएमलाही चालेल, सायन्सला पसंती असते पण कोणतीही शाखा चालते, ४० टक्के आणि इंग्रजी हवं. बीएस्सीला नाही, तिथे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, ओपनला ४५ टक्के. एएनएम-जीएनएमला वय १७ ते ३५, त्यामुळे लग्नानंतर मुलं शाळेत जायला लागल्यावर शिकायला येणाऱ्या बायका आमच्या बॅचलाही होत्या, आणि खरं सांगायचं तर वॉर्डात त्याच सगळ्यात कमी रडायच्या. सीईटी आणि फॉर्मच्या तारखा मला विचारू नका, सीईटी सेलच्या साइटवर त्या वर्षीची नोटीस वाचा.

३. मी मुलगा आहे. घरचे हसतात. करू का?

करा. एएनएम फक्त मुलींसाठी आहे, पण जीएनएम आणि बीएस्सी मुलांना खुलं आहे. वॉर्डात तुम्हाला "ब्रदर" म्हणतील. जागा कमी असतात हे खरं, एम्सच्या नॉरसेट परीक्षेत (नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा) तर ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असं ठरलेलंच आहे. पण आयसीयू, कॅज्युअल्टी, ओटी, डायलिसिस इथे ब्रदरला मागणी आहे, आणि ९० किलोचा पेशंट कुशीवर वळवायचा असला की घरचे का हसत होते हेच कळत नाही.

४. हे कॉलेज खरं आहे की बोगस, कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि दुर्दैवाने बऱ्याचदा फी भरून झाल्यावर येतो.

पहिलं, ६ महिन्यांत किंवा १ वर्षात कोणी नर्स होत नाही. "होम नर्सिंग", "नर्सिंग असिस्टंट", "जनरल ड्युटी असिस्टंट", "पेशंट केअर" हे कोर्स वाईट नाहीत, त्यातून रुग्ण सहाय्यकाची नोकरी मिळते, पण त्यावर कौन्सिलमध्ये नर्स म्हणून नोंद होत नाही. फसवणूक कुठे होते, तर जाहिरातीत मोठ्या अक्षरात "नर्सिंग" आणि खाली बारीक अक्षरात भलतंच काहीतरी.

दुसरं, राज्य सरकारची मान्यता, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि मंडळाशी (बीएस्सी असेल तर विद्यापीठाशी) संलग्नता, हे तिन्ही आहे का ते कॉलेजच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये न बघता त्या त्या संस्थेच्या यादीत बघा. आणि चालू वर्षाची बघा, कारण मान्यता काढून घेतली तरी फ्रेम भिंतीवरच असते.

तिसरं, ऑफिसात विचारा, "क्लिनिकल पोस्टिंग कुठे?" (म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवर शिकायला कोणत्या हॉस्पिटलला पाठवता.) जीएनएमसाठी कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे ३ पेशंट असा हिशोब आहे. ऑफिसातल्या मॅडम पोस्टिंगचं नाव घेताना अडखळल्या तर चहा प्या आणि निघा. शक्य असेल तर त्या हॉस्पिटलमध्ये दुपारी ४ च्या भेटीच्या वेळेला जाऊन या. बेड आहेत पण पेशंट नाहीत असं दिसलं तर तुम्ही ३ वर्षं डमीवरच शिकणार.

कर्नाटकात, म्हणजे बेळगाव-बंगलोरला जाऊन करणाऱ्यांनी तिथल्या कौन्सिलची मान्यता बघायची आणि इथे नोंदणी बदलून घेता येईल ना, हे आधीच विचारून ठेवायचं. प्रश्न ११ बघा.

५. पहिल्या वर्षी नेमकं काय शिकवतात? नुसतं बेड बनवायला?

बेड बनवायला शिकवतात, हो, आणि महिनाभर तेच करतोय असं वाटतं. चादरीचा कोपरा ४५ अंशात दुमडा, सुरकुती नको, मॅकिन्टॉश (रबरी शीट) सरळ. मलाही राग यायचा. मग एकदा सर्जरीच्या वॉर्डात पाठीवर झोपून असलेल्या आजोबांची चादर बदलताना खाली एक सुरकुती आणि त्यात बिस्किटाचे कण, आणि माकडहाडावर बरोबर त्याच रेषेत लाल पट्टा. बोटाने दाबलं तरी पांढरा होत नव्हता. बेडसोरची (झोपून झोपून होणाऱ्या जखमेची) सुरुवात अशीच दिसते. सिस्टरने मला ओरडायच्या आधीच कळलं.

बाकी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, मानसशास्त्र, फर्स्ट एड, आहार, कम्युनिटी. प्रॅक्टिकलला टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणं), स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीड, एनिमा, हात धुणे (हसू नका, परीक्षेत यावर मार्क जातात). पहिल्या दिवसापासून पाठ हवं: मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. आणि श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, नाडी धरल्याचं नाटक करत छातीकडे बघायचं, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

६. रक्त बघून चक्कर येते, मी नर्स होऊ शकते का?

बहुतेकांची जाते. नाश्ता करून या, गुडघे ताठ करून एका जागी उभं राहू नका, गरगरलं की भिंतीला टेकून सरळ खाली बसा, लाज वाटून उभं राहू नका नाहीतर ट्रॉलीवर पडाल.

७. आजारी होते म्हणून पोस्टिंग चुकलं, परीक्षेला बसू देतील का?

परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते. पण डिप्लोमा हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के करावी लागते, म्हणजे चुकलेले दिवस नंतर भरायचेच. त्यामुळे कावीळ झाली तर घरी राहा, जीव मोठा आहे, पण मावसबहिणीच्या हळदीसाठी लेबर रूमचं पोस्टिंग बुडवू नका, तिथलं केस बुक (आपण केलेल्या केसेसची वही) भरायला नंतर जीव जातो. आणि दुसरीच्या केसेस आपल्या नावावर लिहिणं हा प्रकार तर अजिबात नको, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्झामिनर दोन प्रश्नांत पकडतात.

८. सलाईनचे ड्रॉप कसे मोजायचे? दरवेळी गोंधळ होतो.

सेटच्या पाकिटावर वाचा, १ मिलीत किती थेंब ते लिहिलेलं असतं. साध्या सेटला बहुतेक वेळा २०, मायक्रो सेटला ६०. आता ऑर्डर आहे ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ४ तासांत. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, ४ तास म्हणजे २४० मिनिटं, भागलं की साधारण ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. वॉर्डात पूर्ण मिनिट उभं राहायला वेळ नसतो तर १५ सेकंदांत १० ते ११ थेंब पडतायत का बघा. मायक्रो सेटला तर सोपं, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

आणि लावून निघून जायचं नाही, पेशंटने हात दुमडला की स्पीड बदलतो, नातेवाईकही कधीकधी "लवकर संपू दे" म्हणून रोलर (थेंब कमीजास्त करायचं चाक) उघडतात. अर्ध्या तासाने परत बघायचं. सलाईनमध्ये पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असेल तर दुप्पट लक्ष, आणि ते अँप्युल थेट शिरेत कधीच, कोणीही सांगितलं तरी, द्यायचं नाही, हृदय बंद पडतं.

९. इन्सुलिनच्या दोन सिरिंज का असतात? कोणतीही वापरली तर?

कोणतीही नाही! आपल्याकडे इन्सुलिनची बाटली १ मिलीत ४० युनिटची असते आणि १०० युनिटचीही असते. ४० वाल्याची सिरिंज लाल टोपणाची, १०० वाल्याची नारिंगी टोपणाची. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची घेऊन २० च्या रेषेपर्यंत भरलं तर पेशंटला २० युनिट नाही, ५० युनिट जातात. अडीच पट. उलटं केलं तर कमी जातात, साखर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात.

माझी पहिली नोकरी एका छोट्या नर्सिंग होममध्ये होती, रात्री मी एकटी आणि एक मावशी. ट्रेमध्ये दोन्ही सिरिंज एकत्र पडलेल्या, टोपणं काढलेली. मी भरलं, आणि मावशी म्हणाली, "सिस्टर, काल इतकं भरलं नव्हतं ओ." मी बाटली लाइटखाली धरली. १०० ची होती. तिथेच स्टुलावर बसले. मावशी शाळेत सातवीपर्यंत गेलेली होती. त्या दिवसापासून मी इन्सुलिन भरलं की दुसऱ्या कोणाला तरी दाखवल्याशिवाय देत नाही, कोणीच नसेल तर पेशंटलाच विचारते, "काका, रोज किती घेता?"

१०. ड्युटीवर सुई टोचली, काय करू? कोणाला सांगायला भीती वाटते.

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका, स्पिरिट-ब्लीच काही लावू नका. मग लगेच, म्हणजे ड्युटी संपल्यावर नाही, इन्चार्जला आणि कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना सांगा. पेशंटची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी बघतात, तुमचं बेसलाइन रक्त (सुरुवातीच्या तपासणीसाठी) घेतात. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलंच तर जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो २ तासांत, ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायचं. सरकारी दवाखान्यात, एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचार केंद्राला) ते फुकट मिळतं.

घाबरायचं तर आकडे माहिती असू देत: एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तरी लागण साधारण १,००० मध्ये ३ जणांना होते. हिपॅटायटिस बी त्यापेक्षा कितीतरी जास्त पसरतो, पण त्याला लस आहे, ०, १ आणि ६ महिन्यांनी असे ३ डोस, अॅडमिशन झाली की त्याच महिन्यात सुरू करा, कॉलेज देईल याची वाट बघू नका.

सुया टोचतात त्या बहुतेक टोपण परत लावताना. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, हब कटरने सुई कापा, ती पांढऱ्या डब्यात, सिरिंजचा प्लॅस्टिकचा भाग लाल पिशवीत, काचेचं अँप्युल निळ्यात, रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात. रिकामी ब्लड बॅग लाल नाही, पिवळ्यात जाते, व्हायव्हात हमखास विचारतात.

११. रिझल्ट लागला. आता लगेच नोकरी धरू का?

आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. पास झालात म्हणजे नर्स झालात असं नाही, नोंदणी नंबर मिळाला की झालात. "तात्पुरतं कर, कागद नंतर बघू" म्हणणारे खूप भेटतील, काही झालं तर पहिला प्रश्न "तुमचा नंबर काय" हाच येतो. राष्ट्रीय नोंदीसाठी एनआरटीएसचा (नर्सेसची देशभराची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचा) यूआयडी नंबर पण काढून ठेवा, पुढे लागतो. नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) क्रेडिट पॉइंट लागतात, शेवटच्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी एकदोन सेमिनार करा, सर्टिफिकेटचा फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या राज्यात शिकलात किंवा गोव्यात-गुजरातेत नोकरी लागली तर ज्या कौन्सिलमध्ये नोंद आहे तिथून एनओसी घेऊन नव्या राज्यात नोंदणी बदलायची. वेळ लागतो, आधी अर्ज करा, मग सामान हलवा.

१२. पहिला पगार किती मागायचा?

छोट्या हॉस्पिटलात अजूनही लाज वाटेल असे आकडे सांगतात. माहिती म्हणून लक्षात ठेवा: सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २०,००० मिळावेत, ५० ते १०० खाटांना सरकारी पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी, १०० ते २०० ला फार तर १० टक्के कमी, आणि २०० च्या वर सरकारीइतकाच. ही शिफारस आहे, तिच्या जोरावर भांडून पगार मिळत नाही, पण बोलताना तुम्हाला हे माहिती आहे एवढं समोरच्याला कळलं तरी आकडा थोडा हलतो. पीएफ कापतात का, नाईट किती, पेशंट किती, हे पगाराइतकंच विचारा. एका नर्सकडे २० बेड असतील तर २,००० जास्त मिळून उपयोग नाही.

१३. मूळ मार्कशीट आणि बाँड मागतायत. देऊ का?

मूळ कागद दाखवायचे, ठेवायचे नाहीत. झेरॉक्स द्या, "पडताळणीसाठी" म्हणाले तर समोर बसून पडताळू द्या. माझी बारावीची मार्कशीट एका ठिकाणी ११ महिने कपाटात होती आणि सरकारी भरतीच्या कागद तपासणीला ती मिळवायला मी त्यांच्या दारात ३ दिवस बसले. बाँडवर सही करायचीच असेल तर किती महिने, मोडला तर किती रुपये आणि त्या बदल्यात ते काय ट्रेनिंग देणार, हे लिहिलेलं हवं आणि एक कॉपी तुमच्याकडे. कोऱ्या चेकवर सही करू नका.

१४. रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात. द्यायचं का?

इमर्जन्सीत द्यावं लागतं. पण ऐकलं की लिहा, आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा: "सर, बेड ७, अमुक नाव, फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, शिरेतून, आत्ता, बरोबर?" ऐकताना फिफ्टीन आणि फिफ्टी यात गोंधळ होतो, म्हणून आकडा सुटा सुटा म्हणा, पाच-शून्य. शक्य असेल तर दुसऱ्या स्टाफला स्पीकरवर ऐकवा. वेळ टाका, डॉक्टर आले की सही घ्या, टाळाटाळ केली तर नम्रपणे फाइल समोर धरून उभं राहा. ऑर्डर पटली नाही, डोस जास्त वाटला, तर विचारायचं. त्यांचा आवाज चढेल, चढू दे.

१५. आणि डॉक्टर नसतानाच पेशंट कोसळला तर? हात लावायची परवानगी आहे का?

परवानगीची वाट बघत उभं राहायचं नाही. हाक मारा, खांदा हलवा, प्रतिसाद नाही, श्वास नाही, मानेची नाडी १० सेकंदांत लागत नाही, तर मदतीला ओरडा आणि छाती दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाब आणि २ श्वास, दर २ मिनिटांनी माणूस बदला. बेड मऊ असेल तर पाठीखाली फळी. औषधं डॉक्टरांच्या ऑर्डरने किंवा हॉस्पिटलच्या लेखी प्रोटोकॉलनेच, तो प्रोटोकॉल तुमच्या वॉर्डात कुठे ठेवलाय ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, क्रॅश कार्टचं (इमर्जन्सीच्या सामानाच्या ट्रॉलीचं) कुलूप कसं उघडतं ते पण.

१६. एएनएम होऊन उपकेंद्रात लागले तर काम काय असतं?

कागदावर एका उपकेंद्राला ५,००० लोकसंख्या, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००. जिल्हा परिषदेत पदाचं नाव आरोग्य सेविका. लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, कुटुंब नियोजन, साथीचे आजार, रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या एंट्र्या, ज्याला रेंज नसली तरी टार्गेट असतंच. आशाताईशी पटवून घ्या, अर्धं गाव तीच चालवते.

नवीन मुलींची चूक होते ती लसीत. बीसीजी (क्षयरोगाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लस पावडर मिसळल्यावर ४ तासांत संपवायची, उरली तर टाकायची, जपून उद्याला नाही. पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) मात्र नियम पाळून ठेवली तर उघडलेली बाटली २८ दिवसांपर्यंत चालते, उघडल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहायची. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच थांबवा, आईला भात टाकायची घाई असली तरी.

१७. जीएनएमनंतर पुढे काय? परदेशात जाता येतं का?

पोस्ट बेसिक बीएस्सी, २ वर्षं, म्हणजे डिग्री मिळते. नॉरसेटलाही जीएनएम चालतं, पण ५० खाटांच्या हॉस्पिटलचा २ वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून १५ खाटांच्या नर्सिंग होममध्ये २ वर्षं घालवायच्या आधी विचार करा. एएनएमवाल्यांना जीएनएम करता येतं.

परदेशाचं म्हणाल तर, इंग्लंडला भाषेची परीक्षा, मग सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा) आणि तिथे गेल्यावर ऑस्की (प्रॅक्टिकल परीक्षा). जर्मनीला जर्मन भाषा बी २ पातळीपर्यंत आणि डिप्लोमाची मान्यता, आपल्या महाराष्ट्र सरकारचा तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करारही झालाय. अमेरिकेत "प्रॅक्टिकल नर्स" म्हणून वेगळं पद आहे, साधारण वर्षभराचा कोर्स आणि एनक्लेक्स-पीएन परीक्षा, ती आरएनच्या हाताखाली काम करते. आपलं जीएनएम म्हणजे ते नाही, तुमचे विषय आणि तास तपासून ते कशाच्या बरोबरीचं हे तिथले लोक ठरवतात. त्यामुळे कॉलेज सोडतानाच विषयवार तासांचं ट्रान्सक्रिप्ट घ्या, १० वर्षांनी कॉलेज बंद पडलेलं असू शकतं. एजंटला मूळ कागद द्यायचे का? प्रश्न १३.

१८. पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचं?

सेकंद काटा असलेलं घड्याळ (मोबाइल वॉर्डात काढला की ओरडा पडतो), निळा आणि लाल पेन, खिशात मावेल अशी वही, छोटी कात्री, केसांच्या पिना. नखं कापून, मेंदी आठवडाभर आधीची असेल तर ठीक. बूट मऊ तळव्याचे आणि अर्धा नंबर मोठे घ्या, ८ तासांनी पाय सुजतात. डब्यात पोळीभाजीचा रोल, कारण बसून खायला मिळेलच असं नाही, आणि पेनवर नाव चिकटवा, राउंड संपेपर्यंत एकही पेन परत येत नाही.